जिलबीवाल्याची दोन मिनिटं

३० जानेवारीला, हुतात्मा दिनी, सकाळी १० वाजून ५९ मिनिटांनी भोंगा वाजतो. म्हणजे वाजायला हवा, असं दिल्लीच्या गृहखात्याचं परिपत्रक सांगतं. १०.५९ ते ११ पहिला भोंगा, मग दोन मिनिटं स्तब्धता आणि ११.०२ ते ११.०३ दुसरा भोंगा. काही वर्षांपूर्वी त्या वेळी मी जबलपूरच्या राइट टाउनात, स्टेडियमजवळच्या रस्त्यावर होतो. हातात भाजीची पिशवी. कुठूनतरी लांबून भोंगा ऐकू आला. रस्ता काही थांबला नाही. ऑटो चालूच, स्कूटर चालूच, एका दुकानातल्या टीव्हीवर नेमकं हुतात्म्यांविषयीच कुणीतरी तावातावाने बोलत होतं.

थांबला तो एकटा जिलबीवाला. त्याने झारा कढईच्या काठाला टेकवला, पंचाला हात पुसले आणि तो गाडीच्या मागे सरळ उभा राहिला. तेलात चार जिलब्या होत्या. त्यांच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. मी समोर, म्हणून मीही उभा. दोन मिनिटं किती लांब असतात ते तुपातेलाच्या वासात उभं राहिल्यावर कळतं. दुसरा भोंगा झाला, त्याने जिलब्या बाहेर काढल्या. आमच्या जबलपूरची खव्याची जिलबी मुळातच काळपट, त्यामुळे त्या करपल्या होत्या की नाही हे त्याचं त्यालाच ठाऊक. मी विचारलं तर म्हणाला, ‘पिताजी खमरिया में थे, बड्डे. भोंगा बजे तो पहले खड़े होना, सोचना बाद में.’

खमरिया म्हणजे दारूगोळ्याचा कारखाना. तोफांचे गाडे बनवणारी गन कॅरेज फॅक्टरी इथे १९०४ पासून आहे, लष्करी ट्रक बनवणारा वाहन कारखाना आहे. ‘जोंगा’ नावाची लष्करी जीप ज्यांना आठवते त्यांना सांगितलं पाहिजे की त्या नावातला पहिला ‘ज’ जबलपूरचा. शिवाय ग्रेनेडिअर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन रेजिमेंटची केंद्रं इथेच, सिग्नल्सचं प्रशिक्षण इथेच. अशा शहरात पुष्पचक्रं, बिगूल आणि सलामी यांची वर्षभर कमतरता नसते. २६ जुलैला कारगिल विजय दिवस, ७ डिसेंबरला ध्वजदिन, १६ डिसेंबरला विजय दिवस. खुर्च्यांवर बसून मी असे पुष्कळ समारंभ पाहिले आहेत. त्यांतलं एकही भाषण मला आठवत नाही. आठवतात ते असे जिलबीवाले क्षण: कडक इस्त्रीच्या त्या कार्यक्रमात कुठेतरी एखादा टाका उसवतो आणि आतून कुणाचंतरी घर डोकावतं.

गंमत अशी की हे समारंभ जन्मले तेच मुळी घरांतून. दोन मिनिटांच्या स्तब्धतेचंच घ्या. ती लंडनची कल्पना नव्हे. पहिलं महायुद्ध चालू असताना, मे १९१८ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊन शहराचे महापौर हॅरी हँड्स यांनी रोज दुपारच्या तोफेबरोबर शहराने थांबावं असं ठरवलं. आधी तीन मिनिटं थांबून पाहिलं, ती फार लांबली, मग दोन झाली. ट्राम थांबत, माणसं टोप्या काढून उभी राहत, बिगूल वाजे. महापौरांचा मुलगा रेजिनल्ड जेमतेम महिन्यापूर्वी फ्रान्समध्ये वारला होता. हीच प्रथा पुढच्या वर्षी पर्सी फिट्झपॅट्रिक या दुसऱ्या आफ्रिकावासी गृहस्थांनी इंग्लंडच्या राजापर्यंत पोचवली आणि ११ नोव्हेंबर १९१९ ला ती साम्राज्यभर पाळली गेली. त्यांचाही मोठा मुलगा डिसेंबर १९१७ मध्ये मारला गेला होता. दोन बापांना शब्द सुचेनात, त्यातून ही दोन मिनिटं आली. आज ती पाळताना आपण मनात सेकंद मोजतो, तो भाग वेगळा.

बिगुलाचंही तसंच. ‘लास्ट पोस्ट’ ही धून ऐकली की आपल्या अंगावर काटा येतो, पण ती मुळात शोकाची धूनच नाही. ब्रिटिश छावणीत रात्री अंमलदार पहाऱ्याच्या चौक्या तपासत फिरे. शेवटची चौकी तपासून झाली की ही धून वाजे. अर्थ इतकाच, की सगळं ठीक आहे, आता झोपा. मौन संपल्यावर वाजते ती सकाळी उठवण्याची. म्हणजे लष्कराने आपल्या मेलेल्या माणसासाठी वेगळं काही रचलं नाही. रोज ज्या सुरांवर तो झोपत-उठत होता, तेच त्याला शेवटचे ऐकवले. आपल्याकडच्या कवायतीत त्याच वेळी ‘शोक शस्त्र’ असा हुकूम होतो. बंदुकीचं तोंड जमिनीकडे जातं, माना खाली झुकतात. हे करताना नव्या रंगरुटांची फार तारांबळ उडते असं एका निवृत्त सुभेदारसाहेबांकडून ऐकलं. सलामी वर्षभर रोज घोटलेली असते, शोकाचा सराव कमी.

ग्रेनेडिअर्सचं केंद्र जबलपुरात आहे म्हणून त्यांच्या घरातल्या दोन गोष्टी सांगतो. १० सप्टेंबर हा दिवस या रेजिमेंटला पाठ असतो. १९६५ च्या त्या तारखेला पंजाबातल्या असल उत्तरच्या उसाच्या शेतांत चौथ्या बटालियनचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद जीपवर बसवलेल्या तोफेने पॅटन रणगाडे टिपता टिपता पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. हे पाठ्यपुस्तकात येतं. त्यात न येणारी गोष्ट बावन्न वर्षांनंतरची आहे. उत्तर प्रदेशात गाझीपूर जिल्ह्यातलं धामूपूर हे त्यांचं गाव. तिथे दरवर्षी त्यांच्या स्मारकापाशी कार्यक्रम होतो. २०१७ मध्ये त्यांच्या पत्नी रसूलनबीबी, वय नव्वदीच्या घरात, दिल्लीला गेल्या आणि तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांना भेटल्या. मागणं काय, तर माझ्या हयातीत एकदा तुम्ही त्या दिवशी आमच्या गावी या. पेन्शन नाही, जमीन नाही, नातवाची नोकरी नाही. नवऱ्याच्या वर्षदिनाला घरातलं वडीलधारं माणूस हवं, तसं ते आमंत्रण होतं. आणि १० सप्टेंबर २०१७ ला लष्करप्रमुख धामूपूरला गेले. २ ऑगस्ट २०१९ ला रसूलनबीबी वारल्या. राजशिष्टाचाराच्या कुठल्याही पुस्तकात अशा आमंत्रणाचा नमुना छापलेला नसेल.

दुसरी गोष्ट नावाची. ४ जुलै १९९९ च्या आसपास टायगर हिलचा कडा चढणाऱ्या अठराव्या ग्रेनेडिअर्सच्या तुकडीत योगेंद्रसिंग यादव हा एकोणीस वर्षांचा जवान होता. त्याला परमवीरचक्र जाहीर झालं, तेही मरणोत्तर. प्रत्यक्षात तो अंगावर गोळ्यांच्या जखमा घेऊन इस्पितळात होता. त्याच पलटणीत त्याच नावाचा आणखी एक जवान होता, आणि पडला होता तो. एका घरात मेलेला मुलगा परत आला म्हणून आनंद झाला असेल. पण त्याच नावाचं दुसरं घरही होतं, आणि या आनंदाच्या गोष्टी सांगताना आपण त्या घराचा उंबरठा चटकन ओलांडून पुढे जातो. कुठलाही हृद्य किस्सा ऐकला की मी आता शेजारचं घर शोधतो.

नाव हा या सगळ्यातला कळीचा शब्द. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी भारतभर गावोगाव संगमरवराच्या पाट्या बसवल्या. मजकूर ठरलेला: या गावातून इतके जण महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतके कामी आले. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे हे त्यांतलं सगळ्यांत नामवंत गाव. तिथले ४६ जण त्या युद्धात कामी आले. गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द चिकटला, आजही लोक मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. पण अशा पाट्यांवर असतो तो आकडा. कोण, कुणाचा, हे गावाने लक्षात ठेवायचं.

मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, याहून वाईट झालं. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. घोडे कापून खाण्याची पाळी आली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. त्या आघाडीवर ज्यांची कबर नाही अशांसाठी बसऱ्याला भव्य स्मारक उभं राहिलं. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली. भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली. भारतीय शिपायांपुढे मात्र पलटणीचं नाव आणि मेलेल्यांची संख्या. युद्धातल्या कबरी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाचं ब्रीद ‘सर्वांना समान वागणूक’ हे होतं. २०२१ मध्ये त्यांनीच अहवाल काढून कबूल केलं, की मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्त इथल्या किमान १ लाख १६ हजार माणसांची नावं कुठेच कोरली गेली नाहीत आणि खरा आकडा याच्या तिप्पट असू शकेल. त्याच आयोगाने त्या युद्धानंतर ब्रिटिश घरांना विचारलं होतं, की तुमच्या मुलाच्या दगडावर तळाशी काय लिहू? ६६ अक्षरांची मर्यादा, अक्षरामागे साडेतीन पेन्स. सगळे दगड एका मापाचे, एका रांगेत, आणि तळाशी प्रत्येक आईचं एक वेगळं वाक्य. शिस्तीत घराला जागा करून द्यायची याहून चांगली रीत मला माहीत नाही. अपशिंग्यातल्या आयांना कुणी विचारलं नाही, इतकंच.

दगडावर नाव असलं की काय होतं ते भीमा कोरेगावला दिसतं. १ जानेवारी १८१८ ला तिथे पेशव्यांच्या फौजेशी लढली ती मुंबई पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन. तिचा वंश पुढे ग्रेनेडिअर्समध्ये आला, म्हणजे त्या लढाईचा एक धागा असा फिरत फिरत जबलपूरच्या छावणीत पोचतो. कंपनी सरकारने स्तंभ उभारला तो आपल्या विजयाचा डांगोरा पिटायला. पण त्यावर पडलेल्यांची नावं कोरली, आणि त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ होतं. ती महार शिपायांची नावं. शंभरावर वर्षांनी, १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर तिथे गेले आणि कंपनीचा स्तंभ लोकांचा झाला. महार रेजिमेंटने, जिचं केंद्र आमच्या शेजारच्या सागरला आहे, सुरुवातीला हाच स्तंभ टोपीच्या बिल्ल्यावर मिरवला. त्या दिवशी तिथे जाऊन पाहावं. राजकारणाचे मंडप, पुस्तकांचे ठेले, निळे झेंडे हे सगळं असतंच. पण स्तंभाजवळ पोराला खांद्यावर घेतलेला एखादा बाप असतो, आणि तो पोराला इंग्रजी अक्षरांतली ती नावं बोट दाखवून वाचून दाखवत असतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका शिपायाची अशी हजेरी लागते.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाने ही गोष्ट नीट ओळखली असं मला वाटतं. २५ फेब्रुवारी २०१९ ला ते खुलं झालं तेव्हा ग्रॅनाइटच्या विटांवर २५,९४२ नावं होती. तिथे रोज संध्याकाळी एका जवानाचं नाव घेतात आणि त्याच्या घरचं माणूस पुष्पचक्र वाहतं. मंत्री नाही, सेनापती नाही. कधी पांढऱ्या साडीतली आई, कधी शाळेच्या गणवेशातली मुलगी.

कधीकधी घर फार लांबूनही डोकावतं. रायगड जिल्ह्यात माणगावजवळचे नाईक यशवंत घाडगे हे पाचव्या मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनचे. १० जुलै १९४४ ला इटलीत तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे पडले तरी ते एकटे मशिनगनवर धावून गेले आणि तिथेच गेले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे, ते अपेक्षितच. पण जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने या डोंगरावरच्या गावाने आणि तिथल्या काही युद्धइतिहासकारांनी त्यांचं स्मारक केलं, आणि ते आहे एक सौरघड्याळ, खरोखर वेळ दाखवणारं. त्यावरच्या लॅटिन वाक्याचा अर्थ, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. इटलीच्या लढाईत ५० हजारांवर भारतीय सैनिक होते, त्यांतले ५,७८२ परतले नाहीत. त्यांतल्या एका कोकणातल्या पोराची सावली आता रोज एका इटालियन चौकात फिरते, आणि तिच्यावरून तिथली माणसं जेवायची वेळ झाली का ते पाहू शकतात. पुतळ्याचा असा काही उपयोग नसतो.

फुलांचं एक राहिलं. युरोपात स्मरणाचं फूल म्हणजे लाल पॉपी, फ्लँडर्सच्या रणभूमीवर उगवलेली. पहिल्या महायुद्धाची शताब्दी आली तेव्हा दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनने विचार केला की आपलं फूल कोणतं? आणि झेंडू निवडला. केशरी रंग त्यागाचा, आणि फूल कुठेही, कुणालाही परवडणारं. ही निवड मला आधी जरा सरकारी वाटली होती. मग खंडेनवमी आठवली. आपण कोयता, विळी, अडकित्ता, आणि ज्यांच्याकडे असेल त्यांनी तलवार मांडायची आणि तिला झेंडूच वाहायचा. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथेही तो मेलेल्यांच्या दिवशीच घरोघर मांडतात, वासावरून आत्म्यांना घराची वाट सापडावी म्हणून. दोन टोकांच्या दोन समाजांनी एकमेकांना न विचारता एकच फूल उचललं.

राइट टाउनला लागूनच गोलबाजार आणि तिथे शहीद स्मारक. काटेकोर बोलायचं तर ते युद्धस्मारक नव्हे, स्वातंत्र्यलढ्यातल्या हुतात्म्यांचं आहे. पण आमच्या शहरात या दोन गोष्टी वेगळ्या करणं कठीण. १८ सप्टेंबर १८५७ ला गोंड राजा शंकरशाह आणि त्यांचा मुलगा रघुनाथशाह यांना इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिलं ते याच शहरात, आणि पुढे त्याच इंग्रजांनी तोफांच्या गाड्यांचा कारखाना काढला तोही इथेच. स्मारकातली भित्तिचित्रं ब्योहार राममनोहर सिंहा यांची, शांतिनिकेतनात नंदलाल बोसांच्या हाताखाली शिकलेले. संविधानाच्या उद्देशिकेचं पान ज्यांनी सजवलं तेच. बाहेरगावचे पाहुणे ही चित्रं पाहायला येतात. गावातली माणसं येतात ती बहुधा आवारात काहीतरी भरलेलं असतं म्हणून: प्रदर्शन, विक्री, नाटक, शाळेचं स्नेहसंमेलन. एकदा आमच्याकडे पुण्याहून आलेल्या काकांना हे मुळीच रुचलं नाही. हुतात्म्यांच्या दारात चादरी कसल्या विकता, असं ते आठवडाभर म्हणत होते.

त्यांना मी सुभद्राकुमारी चौहान यांची गोष्ट सांगितली. आम्हा जबलपूरच्या मराठी पोरांना झाशीची राणी, म्हणजे मोरोपंत तांब्यांची मनू, पहिल्यांदा भेटली ती या आमच्या गावच्या बाईंच्या हिंदी कवितेतून. घरी आजी मराठीत सांगायची ती वेगळी, शाळेत हातवारे करून म्हणायची ती वेगळी, आणि घोड्यावर दोघी एकच. सुभद्राकुमारींनी जालियनवाला बागेवरही कविता लिहिली. तिच्यात त्या वसंत ऋतूला सांगतात, की इथे ये, पण आवाज न करता ये. इतकं हलक्या पावलांनी शोकाच्या जागी जाणाऱ्या या बाई स्वतःच्या स्मारकाविषयी मात्र अगदी उलट बोलत. त्यांची मैत्रीण महादेवी वर्मा यांनी ते लिहून ठेवलं आहे. मेल्यावरही पृथ्वी सोडून जायची कल्पना त्यांना सहन होत नव्हती. त्यांना समाधी हवी होती ती जिच्याभोवती रोज जत्रा भरेल अशी, जिथे पोरं खेळतील, बायका गातील आणि सतत कलकलाट असेल. १५ फेब्रुवारी १९४८ ला नागपूरहून परतताना मोटार अपघातात त्या गेल्या. पुढच्या वर्षी, २७ नोव्हेंबर १९४९ ला, जबलपूरकरांनी महानगरपालिकेच्या आवारात त्यांचा पुतळा बसवला आणि अनावरणाला महादेवी आल्या.

काकांनी ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र त्यांना पुन्हा शहीद स्मारकाकडे चक्कर मारायची होती. आवारात खादीचं प्रदर्शन होतं. कसल्याशा स्पर्धेतून बाहेर पडलेली पोरं पायऱ्यांवर शिवाशिवी खेळत होती, त्यांतल्या एकाच्या छातीला कागदी तिरंगा टाचलेला आणि डोक्यावर पुठ्ठ्याचा फेटा. तो काकांच्या पाठीमागे लपला आणि धापा टाकत म्हणाला, ‘अंकल, हिलना मत.’ काका हलले नाहीत. दोन मिनिटं तरी सहज उभे होते.